नोकरी आहे, पण किती दिवस?

गिरणगावात ‘बदली’ कामगार असत. गिरणीत नाव लागलेलं असायचं, पण काम रोज मिळेलच असं नाही. पाळी सुरू व्हायच्या आधी फाटकाशी जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत जायचं, नाहीतर डबा तसाच घेऊन खोलीवर परतायचं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीच्या जोडीला या बदली कामगारांना कायम करा ही मागणीही होती. पुढे गिरण्या गेल्या, फाटकांच्या जागी टॉवर आले. फाटकाशी उभं राहणं तेवढं शिल्लक आहे. चाकणच्या कारखान्यात काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळून दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर पुन्हा लागणारा पोरगा, तासिका तत्त्वावर शिकवणारा पीएचडीधारक प्राध्यापक, अकरा महिन्यांच्या करारावरची परिचारिका, हिंजवडीत प्रोजेक्ट सुटून ‘बेंच’वर बसलेली इंजिनिअर, हे सगळे आजचे बदलीच. जुन्या बदलीला आज काम आहे की नाही ते निदान सकाळी कळायचं. आता ते कळायला महिनोन्‌महिने जातात.

नोकरी गेल्यावर काय करावं यावर बरंच लिहिलं जातं. ज्यांची नोकरी आहे, पगारही एक तारखेला जमा होतो, आणि तरीही गेले सहा महिने पहाटे तीनला जाग येते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. अशा माणसाला घरचे म्हणतात, “अजून गेली नाही ना? मग कशाला काळजी करतोस?” प्रश्न प्रेमाने विचारलेला असतो, पण चुकीचा असतो. त्रास नेमका या ‘अजून’मध्ये आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ जणांना संगणकावर खेळ दिला. पडद्यावरचे दगड उलटायचे आणि खाली साप असेल की नाही ते आधी ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा चटका बसे. साप निघण्याची शक्यता सतत बदलती ठेवली होती, आणि त्या दरम्यान घाम किती येतो, डोळ्यांच्या बाहुल्या किती मोठ्या होतात हे मोजलं. चटका बसणारच असं पक्कं माहीत असताना लोक त्यामानाने निवांत होते. सगळ्यात जास्त ताण आला तो शक्यता निम्मी-निम्मी असताना.

हे झालं प्रयोगशाळेतलं. ब्रिटनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीचा ‘व्हाइटहॉल’ नावाचा दीर्घकाळ चाललेला अभ्यास आहे. त्यातलं एक खातं खासगी होणार अशी बोलणी सुरू झाली. प्रत्यक्ष कोणाची खुर्ची हलण्याआधीच त्या खात्यातल्या लोकांनी सांगितलेली तब्येत इतर खात्यांच्या तुलनेत बिघडलेली दिसली. १९९५ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. तेव्हा तुम्हाला होणारा त्रास म्हणजे मनाचा कमकुवतपणा नाही, की ‘आजकालच्या पिढीला सहनच होत नाही’ असंही नाही. शरीर ज्याला सगळ्यात जास्त घाबरतं, त्याच अवस्थेत तुम्हाला बसवून ठेवलेलं आहे.

हा ताण स्वतःचं नाव सांगून येत नाही. आधी पोट बोलतं. ॲसिडिटी वाढते, मान आखडते, रक्तदाब तपासायला गेलं की डॉक्टर दुसऱ्यांदा पट्टा बांधतात. मग सवयी बदलतात. हक्काची रजा असून घेतली जात नाही, तापात फणफणत असतानाही माणूस कामावर जातो, कारण ‘दिसत राहिलं पाहिजे’. साहेबांच्या साध्या ‘बघू’चे चार अर्थ लावले जातात. रविवारी दुपारनंतर घरात आवाज चढतो आणि निमित्त पोराच्या गृहपाठाचं असतं. तंबाखूच्या पुड्या दिवसाला एकीच्या दोन होतात, शनिवारची बाटली बुधवारीही निघते. आणि लक्ष उडाल्यामुळे कामात चुका होऊ लागतात. ज्या चुकांची भीती होती, त्या भीतीपायीच होतात. या शेवटच्या टप्प्यावर माणूस स्वतःला दोष देतो, आणि तिथून पुढे मामला गंभीर होतो.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. स्थळ बघताना पगाराच्या आधी ‘पर्मनंट आहे का?’ हा प्रश्न येतो, त्यामुळे कंत्राटावरच्या मुलाला आपण माणूस म्हणूनच हंगामी आहोत असं वाटू लागतं. बाईच्या बाबतीत उलट होतं. “तुझी गेली तरी त्याची आहे ना,” असं तिला दिलासा म्हणून सांगितलं जातं. तिच्या कामाची किंमत आपण किती धरतो तेच त्यात कळतं, आणि आपली भीती ती पुन्हा बोलून दाखवत नाही.

आता काय करायचं? ‘सकारात्मक राहा’ हा सल्ला मी देणार नाही. कंपनी एकीकडे नावांची यादी करत असते आणि दुसरीकडे ताणमुक्तीचा वेबिनार ठेवते, त्यात हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. ग्रीनहाल्घ आणि रोझेनब्लॅट या अभ्यासकांनी १९८४ मध्ये नोकरीच्या असुरक्षिततेची फोड केली ती जास्त उपयोगी आहे. त्यांच्या मते तिच्यात दोन गोष्टी असतात : एक धोका, दुसरी हतबलता. धोका तुमच्या हातात फारसा नसतो. कंपनीचं कंत्राट सुटलं, अमेरिकेतल्या ग्राहकाने बजेट कापलं, सरकारने पदभरती रोखली, यावर तुम्ही काय करणार? हतबलतेवर मात्र काम करता येतं. पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

सुरुवात वहीपासून करा. मोबाइलमधल्या ॲपपेक्षा कागद बरा, कारण तो घरात दोघांना एकत्र बसून बघता येतो. घर चालायला महिन्याला कमीत कमी किती लागतात ते लिहा : घरभाडं किंवा हप्ता, किराणा, शाळेची फी, औषधं, विजेचं बिल, गावाकडे पाठवायचे ते. हॉटेल, नवे कपडे, ओटीटी यात धरू नका. मग आठवड्याभरात हातात येऊ शकेल असा पैसा किती आहे ते लिहा. बचत खातं, मुदत ठेव, एवढंच. भविष्य निर्वाह निधी आणि सोनं सध्या बाजूला ठेवा. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. समजा खर्च ४२ हजार आणि हाताशी १ लाख ९० हजार, तर उत्तर साडेचार महिने. हा आकडा फार सुखाचा नाही, पण पहाटे तीनला मन ‘रस्त्यावर येऊ’ असं सांगत असतं आणि वही ‘साडेचार महिने’ सांगते. मनाशी वाद घालता येत नाही. साडेचाराचे सहा करता येतील का, यावर मात्र बोलता येतं. नवा हप्ता डोक्यावर घ्यायचा नाही, गाडी बदलणं पुढे ढकलायचं, दिवाळीचा बोनस न मोडता ठेवायचा, असं काही ना काही निघतं.

याच वहीत एक ओळ आरोग्य विम्याची असू द्या. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, आणि त्यावर बहुतेकदा म्हाताऱ्या आईवडिलांची नावंही असतात. स्वतःची छोटी का होईना पॉलिसी नोकरी असतानाच घ्या, कारण जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ असतो. गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, ती कशी ते आत्ताच विचारून ठेवा.

यानंतर कागद. नियुक्तिपत्र, पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, कौतुकाची आणि मूल्यांकनाची पत्रं, हे सगळं कंपनीच्या लॅपटॉपवर पडलेलं असतं, आणि लॅपटॉप एका सकाळी उघडेनासा होतो. आपली स्वतःची कागदपत्रं आजच घरी आणा. (कंपनीचा गोपनीय मजकूर मात्र चुकूनही स्वतःच्या मेलवर पाठवू नका. काढायला निमित्त हवंच असेल तर ते आपणच हातात द्यायचं कशाला?) भविष्य निर्वाह निधीच्या यूएएनला तुमचा स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडलेला आहे ना, केवायसी पूर्ण आहे ना, ठेकेदाराने मागच्या महिन्याचे पैसे खरंच भरले आहेत ना, हे पाहायला दहा मिनिटं लागतात. ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी हे दर महिन्याला पाहावं.

कायदा थोडा तरी माहीत असला की पाठीचा कणा ताठ राहतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ असलेल्या आणि वर्षभर सलग सेवा झालेल्या माणसाची नोकरकपात करायची तर कारण देऊन एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन द्यावं लागतं. ही तरतूद जुन्या १९४७ च्या कायद्यात होती, नव्यातही आहे. नोकरी संपली की वेतनाची थकबाकी दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायची आहे. मुदतीच्या करारावरच्यांना एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. ईएसआयसीचं कार्ड असेल तर बेकारीच्या काळासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. तिच्या अटी आणि मुदत जवळच्या ईएसआयसी शाखेत विचारा. व्यवस्थापकीय पदावर असाल तर नोकरकपातीची नोटीस आणि भरपाई यांची तरतूद तुम्हाला लागू होणार नाही, तेव्हा नियुक्तिपत्रातलं नोटिशीचं कलम दोनदा वाचा.

एक गोष्ट मात्र सगळ्यांसाठी, पद कोणतंही असो. अचानक एका छोट्या खोलीत बोलावून “राजीनामा लिहून दे, रिलिव्हिंग लेटर चांगलं देतो” असं सांगितलं जातं. समोर दोन माणसं, टेबलावर तयार कागद, वेळ संध्याकाळची. तिथे सही करू नका. “मला वाचायला एक दिवस हवा, प्रत मेलवर पाठवा,” एवढं वाक्य आधी घरी मोठ्याने म्हणून बघा, म्हणजे त्या खोलीत घशातून निघेल. स्वखुशीचा राजीनामा ही नोकरकपात ठरत नाही, त्यामुळे एकदा सही झाली की भरपाई मागणं फार अवघड होऊन बसतं. बाहेर आल्यावर युनियन असेल तर युनियनला, नसेल तर कामगार कायद्याच्या वकिलाला किंवा कामगार आयुक्त कार्यालयात विचारा.

साहेबांना थेट विचारावं का? विचारावं, पण “माझी नोकरी जाणार का?” असं नको. त्याचं खरं उत्तर त्यांनाही ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी सांगता येत नाही. उत्तरात तारीख किंवा काम येईल असा प्रश्न विचारा : “या प्रोजेक्टचा निर्णय कधीपर्यंत अपेक्षित आहे?”, “पुढच्या तीन महिन्यांत माझ्याकडून कोणत्या दोन गोष्टी व्हाव्यात असं वाटतं?” उत्तर मिळालं तर निम्मी-निम्मी शक्यता जरा इकडे किंवा तिकडे कलते. नाही मिळालं तर तेही एक उत्तर आहे. बायोडेटा नीट करायला घ्या.

टपरीवरच्या चहाबद्दल मात्र सावध राहा. “बावीस जणांची यादी तयार आहे, एचआरमधल्या एकाने बघितली,” हे वाक्य प्रत्येक टपरीवर दर आठवड्याला म्हटलं जातं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार जणांना, म्हणजे मनुष्यबळाच्या दोन टक्के लोकांना, कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर आयटीतल्या व्हॉट्सॲप गटांवर काय काय फिरलं ते ज्यांनी वाचलं त्यांना विचारा. गट सोडू नका, सहकाऱ्यांचा धागा तुटता कामा नये. पण गटाचा आवाज बंद ठेवा आणि दिवसातून दोनदाच उघडा, त्यातलं दुसऱ्यांदा रात्रीच्या जेवणाच्या आधी.

घरी सांगणं सगळ्यात अवघड. बहुतेक पुरुष गप्प बसतात आणि आपण घरच्यांना वाचवतोय असं समजतात. घरच्यांना तेवढंच कळतं की हा हल्ली चिडतो. बायकोच्या डोक्यात मग याहून वाईट कारणं येतात. सांगायचं तर घाईत, चप्पल घालता घालता सांगू नये. जेवणं झाल्यावर, मुलं झोपल्यावर, वही समोर ठेवून सांगावं :

“कंपनीत गडबड आहे. माझं नाव येईल की नाही माहीत नाही.”

“कधी कळेल?”

“मार्चपर्यंत. तोवर आपल्याकडे साडेचार महिन्यांची सोय आहे. ती वाढवायची कशी ते बघूया.”

एवढं पुरतं. उपाय लगेच निघायला हवा असं नाही. ऐकणाऱ्याने एक पथ्य पाळावं : “तेव्हाच म्हटलं होतं बँकेची परीक्षा दे” हे वाक्य गिळून टाकावं. मुलांना वयाप्रमाणे थोडक्यात सांगा, कारण घरातला ताण त्यांना दिसतोच आणि तो आपल्यामुळे आहे असं लहान मुलांना वाटू शकतं. गावाकडच्या आईवडिलांना सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. चुलतभावाच्या लग्नात भेटणाऱ्या काकांना मात्र खुलासा देण्याचं काही कारण नाही.

झोपेसाठी दोन साध्या गोष्टी आहेत, आणि त्या खरंच काम करतात. काळजीला वेळ नेमून द्या : संध्याकाळी वीस मिनिटं, वही घेऊन, टेबलाशी. रात्री विचार आला की ‘उद्या सहा वाजता’ असं म्हणायचं. पहिल्या आठवड्यात हे हास्यास्पद वाटेल, पण करा. दुसरी गोष्ट, जाग आल्यावर बराच वेळ झोप लागत नसेल तर अंथरुणात कुशी बदलत पडू नका. उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा आणि डोळे जड झाल्यावरच परत या. चाळीत किंवा वन-आरकेमध्ये दुसरी खोली नसते, तिथे गॅलरीत किंवा स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसलात तरी चालेल. फोन उशाशी नको. पहाटे तीनला लिंक्डइनवर नोकऱ्या बघून कोणाला नोकरी लागल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

दिवसाही एक जागा अशी हवी, जिथे तुमची ओळख पदावरून नाही. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गावची कापडगिरणी बंद पडली. मारी याहोदा ही संशोधक आणि तिचे सहकारी तिथे गेले, तेव्हा त्यांना दिसलं की हातात सगळा दिवस मोकळा असून लोकांनी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी केलं होतं, तेही वर्गणी माफ असताना. माणसं रस्त्यावरूनही सावकाश चालत होती. पगाराबरोबर दिवसाची घडी, चार माणसांत मिसळणं, कोणाला तरी आपला उपयोग आहे ही भावना, हे सगळंच गेलं होतं. नोकरी जाण्याआधी या गोष्टींचा दुसरा साठा करून ठेवणं शहाणपणाचं. भजनी मंडळ, ढोल-ताशा पथक, सकाळची टेकडी, रविवारचं क्रिकेट, सोसायटीचं काम, काहीही चालेल. नवीन शिकायचं तर एकच गोष्ट निवडा आणि ती तडीस न्या. घाबरून एका रात्रीत तीन ऑनलाइन कोर्सचे पैसे भरणं म्हणजे शिक्षण नव्हे, तीही घबराटच.

इतकं करूनही काही वेळा भागत नाही. सलग दोन आठवडे झोप किंवा भूक उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल, दारू वाढली असेल, छातीत धडधडून दम लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. नेहमीचे फॅमिली डॉक्टरही सुरुवातीला चालतील. ‘आपण नसलेलं बरं’ असा विचार एकदा जरी आला तरी दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेली मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा देणं बंधनकारक केलं आहे. कंपनीच्या समुपदेशकाकडे जायला संकोच वाटत असेल, साहेबांना कळेल अशी भीती असेल, तर बाहेरचा गाठा. ही भीती रास्त आहे.

शेवटी ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत त्यांच्याशी बोलायचं आहे. वरून काय निर्णय येईल हे तुमच्या हातात नसतं, मान्य. पण शुक्रवारी संध्याकाळी ‘सोमवारी बोलू’ एवढाच मेसेज टाकून माणसाचा शनिवार-रविवार जाळणं टाळता येतं. विषय काय ते त्याच मेसेजमध्ये लिहा. निर्णय माहीत नसेल तर तो कधी माहीत होईल ते सांगा, आणि त्या दिवशी काही नवीन नसलं तरी ‘अजून काही नाही’ असं जाऊन सांगा. ब्रेक द्यायचा असेल तर पोराला शेवटच्या दिवशी गेटवर कळता कामा नये, महिनाभर आधी कळू द्या. याला कोणाची मंजुरी लागत नाही.